समुद्रात बुडी मारण्यापूर्वी



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. म्हणतील, मास्तरांना या वयात हे काय सुचले? पण जरा ऐकून घ्या. आपल्या गावात विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरतो, तेव्हा तो काय बघतो? दोर बघतो, हे खरेच. पण दोराच्या आधी, वर दोर धरून कोण उभे आहे, हे बघतो. भरवशाचा माणूस वर नसेल, तर पट्टीचा पोहणारासुद्धा म्हणतो, "आज नको, उद्या बघू." मला सांगायचे आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल. फक्त विहीर आपल्या मळ्यातली नाही, मालवणच्या समुद्रातली आहे.

दिवाळीची सुटी लागली, मे महिना आला, की आपल्या घाटावरच्या गाड्या मालवण-तारकर्लीकडे धावू लागतात. पूर्वी माणसे सिंधुदुर्ग किल्ला पाहायची, मासे आणि सोलकढीवर ताव मारायची आणि परतायची. आता किनाऱ्यावर उतरता क्षणी चार पोरे गाडीला गराडा घालतात. "स्कूबा करणार का, साहेब? फोटो फुकट, व्हिडिओ फुकट!" स्कूबा म्हणजे पाठीला हवेचे सिलिंडर बांधायचे, त्याची नळी तोंडात धरायची आणि पाण्याखाली श्वास घेत हिंडायचे. कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी १९४३ साली हे साधन सिद्ध केले. एकदाच अनुभव घ्यायचा असेल, तर पोहता येण्याचीही अट बहुधा नसते. शिकलेला मार्गदर्शक आपल्याला धरून नेतो. म्हणजे पाण्याखाली आपला श्वास सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती. बैल घ्यायचा तर आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. आणि स्वतःचा श्वास ज्याच्या हाती द्यायचा, त्याला विचारतो काय? "कितीला?"

मीही तेच विचारले. चार वर्षांपूर्वी माझा भाचा सुटीला आला होता. वय सतरा. त्याला घेऊन मालवणला गेलो. एकाने दर सांगितला, दुसऱ्याने दोनशे रुपये कमी सांगितला. मी दुसऱ्याकडे गेलो. दोनशे रुपये वाचवल्याचा आनंद मला होडीत बसेपर्यंत पुरला. तिथे कळले, की ज्याच्याशी भाव ठरला तो नुसता दलाल. पाण्यात नेणारा पोरगा निराळाच. त्याचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. भाच्याला दोन दिवसांपासून सर्दी होती. कुणी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. दहा-बारा फूट खाली गेल्यावर त्याच्या कानात कळ आली. त्याने कानाकडे बोट दाखवले. पण वर फोटोवाला वाट बघत होता, मागे दहा गिऱ्हाइके उभी होती. पोराने त्याला तसेच खाली दाबले. वर आला तेव्हा कानातून रक्ताचा थेंब आला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पडद्याला भोक पडल्याचे सांगितले आणि वर म्हणाले, "मास्तर, कानावर निभावलं, नशीब समजा." बहिणीला मी काय तोंड दाखवले असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

डॉक्टर असे का म्हणाले, ते मला पुढे उमगले. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना जरूर सांगावे. विहिरीच्या तळाशी बुडी मारली की कान दुखतात, हा अनुभव आपल्याकडच्या पोहणाऱ्या प्रत्येक पोराला आहे. पाण्याचा भार पडद्याला आत ढकलतो, म्हणून ते दुखणे. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की आतून हवा जाते आणि दाब सारखा होतो. ही फुंकर दुखायच्या आधीपासून, दर दोन-तीन फुटांना मारायची. सर्दी असली की ती वाटच बुजलेली असते. मग फुंकर चालत नाही.

पण कानापेक्षा मोठी गोष्ट छातीची. समुद्रात ३३ फूट खाली, म्हणजे आपल्या भाषेत पाच-सहा पुरुष पाण्यात, दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तिथे सिलिंडरातून छातीभर हवा घेतली आणि श्वास कोंडून माणूस वर आला, तर तीच हवा वर येईतो दुप्पट जागा मागते. छाती काही फुग्यासारखी ताणत नाही, फुप्फुस फाटते. पुरुषभर पाण्यातूनसुद्धा असे घडू शकते. म्हणून या विद्येचा पहिला पाठ एकच : श्वास कधीही कोंडायचा नाही, सावकाश घेत आणि सोडत राहायचे. आपला पोहणारा मात्र लहानपणापासून श्वास कोंडायलाच शिकलेला असतो. त्याला उलटे शिकवावे लागते. वर्गात दाखवायचे असेल तर बिनसुईची मोठी सिरिंज घ्या, आत चिमुकला फुगा ठेवा, पुढचे भोक बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढा. फुगा तुमच्या डोळ्यांदेखत फुगेल.

आता भरवशाचा माणूस ओळखायचा कसा? मला कळलेली खूण सांगतो. तुम्ही त्याला प्रश्न विचारण्याआधी तो तुम्हाला प्रश्न विचारतो. दमा आहे का? हृदयाचे दुखणे, फेफरे, नुकतेच ऑपरेशन? कान कधी फुटला होता का? बाई गरोदर तर नाहीत? आज दारू घेतली आहे का? हे सारे कागदावर लिहून घेऊन सही मागतो. आपल्या लोकांना या कागदाचा राग येतो. "आम्ही काय आजारी दिसतो काय?" म्हणतात, आणि सगळीकडे "नाही, नाही" लिहून मोकळे होतात. ती फसवणूक त्याची नसते, आपलीच असते.

मग आपले विचारायचे. माझ्याबरोबर पाण्यात कोण उतरणार, आणि त्याचे कार्ड कुठे आहे? पॅडी, एस.एस.आय. अशा जगभर मान्यता असलेल्या शिक्षणसंस्था आहेत. त्या आपल्या शिक्षकांना क्रमांक देतात आणि तो खरा की खोटा हे पडताळता येते. तुमच्या मुलाला मोबाईलवर हे शोधायला पाच मिनिटे लागणार नाहीत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही तारकर्लीला या विद्येची प्रशिक्षण संस्था काढली आहे, तेव्हा शिकलेली माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. धंद्याला आणि बोटीला महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना लागतो, तो मागावा. त्यावर किती माणसे बसवायची ते लिहिलेले असते. बोटीत बसलेली डोकी मोजावीत. कागद दाखवायला जो रागावतो, त्याच्याशी हुज्जत घालू नये. उठावे आणि चालू लागावे.

आणखी एक गमतीचा प्रश्न आहे. "या सिलिंडरात काय भरलंय हो?" पुष्कळ जण सांगतील, "ऑक्सिजन." चूक. त्यात असते ती आपलीच साधी हवा, दाबून भरलेली. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या सुमारे शंभरपट दाबाने. निव्वळ ऑक्सिजन वीस फुटांखाली माणसाला बाधू लागतो. हवा भरणारे यंत्र इंजिनाच्या धुराजवळ ठेवले असेल तर तो धूर सिलिंडरात जातो. म्हणून चांगला मार्गदर्शक उतरण्याआधी तुम्हाला दोन श्वास घ्यायला लावतो. हवेला वास नको, चव नको. खरा ऑक्सिजन मात्र जवळपास निराळा ठेवलेला असावा, अपघात झाला तर पहिला उपचार म्हणून. तो कुठे आहे हे विचारले, की समोरच्याचा चेहरा बघावा. जाणता असेल तर लगेच बोट दाखवील.

उथळ पाण्यात अर्धा तास तरी तालीम हवी. तोंडातली नळी निसटली तर परत कशी धरायची, चष्म्यात पाणी शिरले तर कसे काढायचे, कानाचे कसे करायचे, आणि हाताच्या खुणा. खुणांत एक घोटाळा हमखास होतो. आपण "झकास" म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या." ठीक आहे म्हणायचे तर अंगठा आणि पहिले बोट जुळवून कडे करायचे. माझा भाचा दुखत असताना कानाकडे बोट दाखवत राहिला. अंगठा वर करायचा हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. नवख्या माणसाला ४० फुटांपलीकडे नेऊ नये असा दंडक आहे, आणि माझ्या मते एका नवख्याला एक मार्गदर्शक हवाच. चार जणांच्या मागे एक असेल तर उतरू नये.

पाण्याइतकीच बोटही बघायची असते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी एक बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. बुडी मारून झाली होती, घरी परतायचे तेवढे राहिले होते. म्हणून लाइफ जॅकेट जाताना जसे, तसेच येतानाही अंगावर, पट्टे आवळून. "आता किनारा आलाच" म्हणून कुणी काढू लागला तर त्याला दटावावे. आणि परत निघताना तांडेलाने माणसे मोजली की नाही, हे पाहावे. १९९८ साली ऑस्ट्रेलियात, ग्रेट बॅरियर रीफवर, एक अमेरिकन जोडपे पाण्यात असतानाच बोट परत आली. मोजणीत चूक झाली होती. दोघे मागे राहिले हे ध्यानात यायला दोन दिवस लागले. ते दोघे पुन्हा कधीच सापडले नाहीत. आपण सहलीत प्रत्येक थांब्यावर मुलांची हजेरी घेतो, ती काय उगाच?

सहलीचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकांना स्पष्ट सांगतो. शाळेच्या सहलीत स्कूबा घालू नका. दहा वर्षांखालच्या मुलाला तर नियमानेच नेता येत नाही. मोठ्या मुलांचे आजार त्यांच्या आईबापांना ठाऊक, तुम्हाला नाही. आणि चाळीस मुले दोन तासांत उरकायची म्हटली, की घाई आली. कुणाला हौस असेल तर त्याने आईवडिलांबरोबर जावे. हे काही जणांना पटणार नाही, पण मी माझे म्हणणे बदलणार नाही.

आता भाच्याची गोष्ट पुरी करतो. कान बरा झाला, पण पोराच्या मनातून समुद्र जाईना. पुढच्या दिवाळीत पुन्हा मालवणला गेलो. या वेळी दलालाशी बोललो नाही. खानावळीच्या बाईंना, दोन कोळ्यांना विचारले आणि त्यांनी दाखवलेल्या एका घरी गेलो. भाच्याने कागदावर खरे ते लिहिले. त्या गृहस्थांनी ते वाचले, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. मग बघू." मी म्हटले, "अहो, शंभर मैलांवरून आलोय." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतंय." पैसे घेतले नाहीत. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला मात्र त्या दिवशी प्रथमच, दोर धरणारा माणूस सापडला असे वाटले.

चिठ्ठी घेऊन पुढच्या थंडीत गेलो. पहिल्या दिवशी वारा होता, पाणी गढूळ. ते किनाऱ्यावर उभे राहून बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, "आज नको, मास्तरांनू. उद्या बघूया." शेजारच्या दोन बोटी भरून निघाल्या होत्या, तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळले. भाचा त्यांच्याबरोबर खाली गेला, वीस-बावीस फूट, अर्धा तास. मी बोटीवर बसून घड्याळ बघत होतो. वर आल्यावर त्याला बोलायचे तर खूप होते, पण शब्द सुचेनात. खडकाला लगटून हिंडणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचे तेवढे हातवारे करून सांगत राहिला. प्रवाळावर पाय ठेवू दिला नाही, असेही त्याने सांगितले.

आम्ही कपडे बदलून निघणार, एवढ्यात त्या गृहस्थांनी विचारले, "आता परत कसे जाणार?" मी म्हटले, "आंबोली चढून. रात्री घरी." त्यांनी मान हलवली. खोल पाण्यातून आल्यावर अंगात मुरलेली हवा सावकाश बाहेर पडावी लागते. लगेच उंच गेले आणि हवेचा दाब कमी झाला, की तिचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी त्याहून वाईट. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसायचे नाही, असा नियम. आंबोली विमानाइतकी उंच नाही, पण दोन हजार फुटांच्या वर आहेच. "उथळ होतं, बहुधा काही होणार नाही," ते म्हणाले, "पण घाई कशाची आहे?"

आम्ही त्या रात्री मालवणातच राहिलो. सकाळी नऊच्या गाडीने निघालो.