सात फुटांच्या घरात एक दिवस

लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला, ऑक्सफर्ड गावी जाऊन आले. तिथं काय पाहिलंस, असं सगळ्याच विचारता. आज एकाच दिवसाचं सांगते. त्या दिवशी बाळाला जावयांकडे ठेवून लेक आणि मी टेम्स नदीतून बोटीने फिरलो.

बोट लेकीच्या ओळखीच्या एका आजींची. बोट कसली, तरंगतं घरच ते! रुंदी अवघी सात फूट, लांबी मात्र एसटीच्या दीडपट. आत चूल, अंथरूण, न्हाणी, सगळं एका ओळीत. एवढी अरुंद का, तर जुन्या काळी कालवे खोदताना खर्च वाचवायला पाण्याची दारं सात फुटांचीच केली. मग बोटीही तेवढ्याच.

बोट चालते माणसाच्या पावलाने. काठावरून कुत्रं घेऊन फिरणारे लोक आमच्या पुढे जात होते! एका बाजूला पोर्ट मेडो नावाचं मोठं गायरान लागलं. शेकडो वर्षांत तिथं नांगर लागलेला नाही. गाई आणि घोडी पाण्यात पाय सोडून उभी होती. मला आपल्या ओढ्याची आठवण आली.

पुढं गॉडस्टोला पाण्याची पायरी आली. तिला ते लॉक म्हणतात. वरचं पाणी उंच, खालचं सखल. मध्ये दोन दारांचा हौद. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो तशी बोट आपोआप वर येते. मग पुढचं दार उघडायचं. त्यापुढच्या किंग्ज लॉकचं दार हातानं ढकलावं लागतं. मी लाकडी दांड्याला पाठ लावली आणि दार सरकलं. सुकाणूही धरलं. दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे वळते. दोनदा झुडपात घुसवली, मग जमलं.

दुपारी चहा पिताना आजींनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. 1790 साली ऑक्सफर्डपर्यंत कालवा आला, तेव्हापासून अशा बोटींतून कोळसा यायचा. पुढं खर्च परवडेना म्हणून नावाड्यांची बिऱ्हाडंच बोटीवर आली. दहा फुटांच्या खोलीत नवरा, बायको, पोरं. बाई सुकाणू धरायची, लॉकची दारं उघडायची, स्वयंपाक करायची, तान्ह्याला पाजायची. मजुरी मात्र खेपेवर, आणि ती नवऱ्याच्या हातात. बाईच्या नावावर एक पैसाही नाही. बोट सारखी फिरती, म्हणून पोरांची शाळाही सुटायची. "माझ्या आजीला सही येत नव्हती," त्या म्हणाल्या, "ही बोट मात्र माझ्या नावावर आहे."

लेकीनं हे मराठीत सांगितलं आणि माझा चहा हातातच राहिला. तीस वर्षं मी शेतात राबते. खुरपणी माझी, धारा माझ्या, रात्रीची वीज आली की पाणी धरायलाही मीच. सातबाऱ्यावर नाव फक्त मालकांचं.

घरी आल्यावर चार दिवस धीर झाला नाही. मग एके रात्री जेवण झाल्यावर विषय काढला. मालक म्हणाले, "तुझं नि माझं वेगळं आहे का?" मी म्हटलं, "वेगळं नाही, म्हणूनच दोन्ही नावं लावू." ते गप्प झाले. आठ दिवसांनी आम्ही दोघं तलाठ्याकडे गेलो. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव जमिनीला लावता येतं. त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. आमचा अर्ज दिलाय. फेरफार व्हायचा आहे, मी विचारायला जात असते.

मैत्रिणींनो, बोटीत बसायला सगळ्यांना मिळेल असं नाही. पण बचत गटाच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरचा सातबारा घेऊन या. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, एकदा बसून बघू.