घोडा सैल झाला की थांबा



मीरा-भाईंदरमधली मुलं हल्ली मला भेटली की एकच गोष्ट विचारतात. धावत्या घोड्यावरून बाण मारायला किती दिवसांत शिकता येईल? मोबाइलवर त्यांनी हंगेरीचे, कोरियाचे स्वार पाहिलेले असतात. जपानमध्ये देवळाच्या उत्सवात याबुसामे होतं, एका दौडीत तीन लक्ष्यं टिपतात, तेही पाहिलेलं असतं. धनुष्य कुठलं घ्यावं, बाण किती वजनाचा असावा, सगळं त्यांना पाठ असतं. मी मात्र धनुष्याबद्दल बोलायला तयार नसते. मी आधी घोड्याबद्दल बोलते, आणि मुलांचा चेहरा उतरतो. आज या दहा मिनिटांत मी तेच करणार आहे.

आपला हा भाग घोड्यांना नवा नाही. घोडबंदरच्या खाडीवर पोर्तुगीज काळात अरबी घोड्यांचा व्यापार चाले. वरच्या टेकडीवरचा किल्ला १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. हा इतिहास आपल्या मुलांना शाळेत कळतो. पण गलबतात हेलकावे खाऊन आलेला एखादा घोडा धक्क्यावर उतरताना काय करत असेल, ते डोळ्यांपुढे आणा. पायाखाली लाकूड, मग दगड, भोवती आरडाओरडा, अनोळखी वास. त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहणारा कुणी मोतद्दार तिथे असणारच. त्याचं नाव कुठल्याही बखरीत नाही. माझं सगळं बोलणं त्याच्या कामाबद्दल आहे.

आता घोड्यावरच्या तिरंदाजीत घोड्याकडून काय मागितलं जातं, ते पाहा. साधारण 90 मीटरची सरळ पट्टी. घोडा कॅन्टरमध्ये, म्हणजे मध्यम दौडीत. स्वाराने लगाम गाठ मारून मानेवर सोडून दिलेला, कारण एका हातात धनुष्य आणि दुसऱ्या हातात बाण. म्हणजे पंधरा-सोळा सेकंद घोड्याला सांगणारं कुणी नाही. फक्त मांड आहे आणि स्वाराचा श्वास आहे. तेवढ्या वेळात त्याने वेग वाढवायचा नाही, पट्टी सोडायची नाही, आणि कानामागे दोरीचा टणत्कार झाला तरी बुजायचं नाही.

घोडा हा सावज म्हणून जन्माला आलेला प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. आपल्याला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला 33 हजारांपर्यंतचा. पाठीवर काहीतरी हललं, आडवी काठी डोळ्याच्या कडेला वर आली, आणि मग सणकन आवाज झाला, तर त्याच्या लाखो वर्षांच्या शहाणपणाप्रमाणे त्याचा एकच अर्थ आहे. बिबट्या. आपल्या काशीमिऱ्याला तर राष्ट्रीय उद्यान लागूनच आहे, त्यामुळे हे मी कल्पनेतलं सांगत नाही. असा घोडा उधळला तर त्याला वेडा म्हणू नका. तो शहाणाच आहे. त्याला आपण एवढंच पटवून द्यायचं असतं की ही काठी आणि हा आवाज म्हणजे बिबट्या नव्हे.

आणि इथेच बहुतेक लोक चुकतात, म्हणून नीट ऐका. घाबरणाऱ्या घोड्याला बांधून ठेवतात आणि धनुष्य त्याच्या अंगावर घासत राहतात. दोरी कानाशी वाजवत राहतात. घोडा आधी धडपडतो, मग थकतो, मग उभा राहतो. सगळे म्हणतात, झाला शांत. अहो, तो शांत झालेला नाही! तो गप्प झाला आहे. त्याच्या नाकपुड्या बघा, ताणलेल्या. शेपूट मागच्या पायांत दाबलेली. मान लाकडासारखी. श्वास रोखलेला. हा घोडा एक दिवस, भर पट्टीत, स्वार वर असताना, सगळं साठवलेलं एकदम बाहेर काढेल.

खरा शांत घोडा कसा ओळखायचा? मान खाली येते. पापण्या लवतात. कान सैलसर मागेपुढे होतात. खालचा ओठ लोंबतो. एक मागचा पाय दुमडून विश्रांतीला जातो. लांब सुस्कारा सोडून फुरफुरतो. यातलं एक जरी दिसलं, तरी त्याच क्षणी तुम्ही थांबायचं. धनुष्य खाली. दोन पावलं मागे. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका. घोडा सैल झाला की थांबा. आणखी एकदा करून बघू, म्हणू नका.

माझ्या ऐकणाऱ्या आयाबहिणींना हे सांगायला सोपं आहे. तुम्ही रात्री दही लावता. दूध कोमट असावं लागतं. कढत दुधात विरजण घातलंत तर सगळं फुकट. विरजण किती? चमचाभर. वाटीभर घातलं म्हणून दही लवकर लागतं का? आंबट होतं. आणि एकदा झाकण ठेवलं की भांडं हलवायचं नाही, दर अर्ध्या तासाने बोट बुडवून बघायचं नाही. घोड्याचा धडा तस्साच. घोडा तापलेला असताना धनुष्य दाखवू नका, आधी त्याला चालवा, कोमट होऊ द्या. धडा चमचाभर द्या, दहा मिनिटांचा. आणि मग त्याला चंदी द्या, खरारा करा, आणि सोडून द्या. शिकणं त्या सोडण्यात होतं. दुसऱ्या दिवशी कालच्या दह्यातलंच चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावायचं, म्हणजे काल ज्या ठिकाणी घोडा सैल झाला होता, आजची सुरुवात तिथूनच. पुढच्या पायरीपासून नव्हे. घाईच्या लोकांना हे पटत नाही. त्यांना विरजण लावल्या लावल्या श्रीखंड हवं असतं.

पायऱ्या आता सांगते. पहिली म्हणजे, धनुष्य घोड्याकडे नेऊच नका. एकाने धनुष्य हातात धरून पुढे चालत जायचं आणि दुसऱ्याने घोडा मागून आणायचा. आपल्यापासून दूर जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती वाटत नाही, उलट कुतूहल वाटतं. थोड्या वेळाने तोच नाक पुढे करून हुंगायला येतो. त्यानंतर खांद्याला स्पर्श, मग मान, बरगड्या, पुठ्ठा. प्रत्येक ठिकाणी तेच, सैल झाला की दूर.

मग आवाज. दोरी पूर्ण ओढून रिकामी कधीच सोडू नका, धनुष्याची पाती तडकतात आणि माणसालाही इजा होते. बोटभर ओढून हलकेच वाजवा, तेही लांबून, दुसऱ्या कुणीतरी. जवळ एखादा अनुभवी, वयस्क घोडा गवत खात उभा असला तर निम्मं काम तो करतो. तो मान वर करत नाही हे आपला घोडा बघतो. मग बाण लक्ष्यावर आदळल्याचा आवाज. पहिले बाण रबरी टोकाचे.

आणि हे सगळं दुसऱ्या बाजूने पुन्हा. डाव्या डोळ्याला ओळखीचं झालेलं धनुष्य उजव्या डोळ्यापुढे अचानक आलं, तर बरेच घोडे ते नवंच असल्यासारखे दचकतात. स्वार मानेवरून धनुष्य या बाजूचं त्या बाजूला नेतो, नेमका तिथेच घोडा बुजतो. मुलं विचारतात, एका बाजूने तर शिकला ना? बाळांनो, दुसरी बाजू राहिली असेल तर अर्धाच शिकला.

स्वार वर बसल्यावर आधी उभ्या घोड्यावर, मग चालीत, मग दुडकीत, आणि कॅन्टर सगळ्यात शेवटी. पट्टीबद्दल एक सांगते, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. पट्टीत घोडा जितक्या वेळा पळवाल, त्याच्या कितीतरी पट वेळा तो नुसता चालत न्या. लगाम सैल, धनुष्य नाही, काही नाही. रोज तिथे पळवलात, तर पट्टीचं तोंड दिसताच घोडा तापतो, नाचायला लागतो, आणि मग तुम्ही लगाम आवळता, आणि मग…असो, ते लांबेल.

स्वाराच्या श्वासाचं मी मघाशी म्हटलं. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना घोडा घेऊन एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत जायला सांगितलं, कुणी हाताने धरून, कुणी वर बसून. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. तेव्हा मुलांनो, घोड्याला शांत करायचं असेल तर आधी तुमचा स्वतःचा रोखलेला श्वास सोडा. घरी बसून, डोळे मिटून सराव करा. त्याला घोडाही लागत नाही आणि फीही लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या गोंगाटात घोडा शांत राहणं शक्य तरी आहे का? आषाढी वारीत रिंगण पाहिलंय ना तुम्ही? माउलींच्या पालखीपुढचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून ते आळंदीपर्यंत चालत येतात, आणि पुढे पंढरपूरपर्यंत. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, त्यावर माउली बसतात ही वारकऱ्यांची श्रद्धा. भोवती माणसांची भिंत, टाळ-मृदंगांचा कल्लोळ, डोक्यावर फडफडणाऱ्या पताका. आणि मधल्या वाटेने तो मोकळ्या पाठीचा घोडा, वर कुणी नसताना, गोल धावतो. नंतर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. धनुष्याचा टणत्कार यापुढे काय आहे? तो अश्व एका दिवसात रिंगणात आणून उभा केलेला नसतो. मैलोन्मैल चालत, रोज थोडी गर्दी, रोज थोडा मृदंग. चमचा चमचा विरजण.

मुंबई पोलिसांचं अश्वदल 1932 मध्ये बंद झालं होतं, मोटारी वाढल्या म्हणून. 2020 साली ते पुन्हा सुरू करण्यात आलं. अशा दलातल्या घोड्यालाही गर्दी, भोंगे, झेंडे, सगळ्याची अशीच सवय करून द्यावी लागते. मराठी स्वाराचं हत्यार मुख्यतः भाला होतं, घोड्यावरून धनुष्य हे तुर्कांचं, मुघलांचं. पण आपल्या पागेत बोथाटीचा, म्हणजे बोथट भाल्याचा, खेळ होता, त्यातही घोडा असाच तयार करावा लागे, आणि भीमथडीच्या, म्हणजे भीमेकाठच्या, तट्टांबद्दल तर मला खूप सांगायचं होतं. समोरून घड्याळ दाखवतायत. ते राहू द्या, कारण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

आपल्या शहरात सगळ्यात जास्त धीर कुठल्या घोड्याकडून मागितला जातो? तिरंदाजाच्या नव्हे. वरातीतल्या घोडीकडून. लग्नसराईत भाईंदर स्टेशनच्या रस्त्याला, गोल्डन नेस्टच्या चौकात, मीरा रोडच्या गल्ल्यांत बघा. डांबरावर नाल घसरतायत, डीजेची भिंत तिच्या छातीला लागून, पायांशी फटाक्यांची माळ, आणि वर नवरदेवाबरोबर एखादं लहान मूल. ती उभी राहते. पाहुणे कौतुक करतात, किती शांत घोडी आहे! तिच्या नाकपुड्या बघा हो एकदा. तिची शेपूट बघा. मघाशी मी काय सांगितलं ते आठवा. पुष्कळदा ती गप्प केलेली असते.

घोडीवाल्याला मी दोष देत नाही. त्याचं पोट तिच्यावर आहे, आणि "जरा थांबा" असं त्याने म्हटलं तर ऐकणारं वरातीत कुणी नसतं. ऐकायचं आपण. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना माझी विनवणी आहे. फटाके घोडीच्या बरेच पुढे लावा, आणि ती तिथे पोचण्याआधी संपू द्या. स्पीकर तिच्या मागे, शेपटीच्या सरळ रेषेत ठेवू नका, तिथलं तिला दिसत नाही. वरात निघण्याआधी पंधरा मिनिटं घोडीवाल्याला तिला त्या गल्लीतून आवाजाशिवाय एक चक्कर मारून आणू द्या. वाटेत तिने मान खाली घातली, सुस्कारा टाकला, की बँडवाल्यांना हात करा, एक गाणं गाळू द्या. तेवढ्यात तिला पाणी पाजा. लहान मुलाला वर बसवायचंच असेल तर मांडवाच्या दारात, फोटोपुरतं, बँड थांबलेला असताना बसवा आणि लगेच उतरवा. आणि घोडीवाला थांबा म्हणाला तर नवऱ्याच्या मामांनी पुढे होऊन सगळ्यांना थांबवायचं, ते काम आधीच त्यांच्याकडे सोपवून ठेवा, कारण ऐन वेळी…

हो, झालीच वेळ.