तरुण वय आणि मूत्राशयाचा कर्करोग



वैशाख तापला की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे घरोघरी ‘उन्हाळी लागली’ हे शब्द कानी पडतात. लघवीला जळजळ असेल तर सब्जा आणि धण्याचे पाणी हा घरचा उपाय गैर नव्हे. परंतु लघवीतून रक्त गेले तरी हेच निदान केले जाते, तेथे घात होतो. उन्हाळीत वा मुतखड्यात सहसा वेदना असते. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त बहुधा वेदनेवाचून येते, एक-दोन दिवस दिसते आणि आपोआप थांबते. गुण आला, असे समजून घरचे निश्चिंत होतात. रोग आत वाढतच असतो.

हा रोग मुख्यतः साठीनंतरचा; चाळिशीच्या आत विरळा. त्यामुळेच तरुणाच्या बाबतीत शंका उशिरा येते. भगिनींच्या बाबतीत तर पाळी व जंतुसंसर्ग यांच्या नावावर कित्येक महिने निघून जातात.

१८९५ साली जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांना फ्रँकफर्ट येथील रंगकारखान्याच्या कामगारांत हा रोग आढळला. त्या रंगांतील रसायनांच्याच जातीची द्रव्ये तंबाखूच्या धुरात असतात. ती रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात. धूम्रपान करणाऱ्यास धोका सुमारे तिप्पट असतो. सप्तव्यसनांच्या प्राचीन गणनेत तंबाखू नाही, कारण ती या देशात पोर्तुगिजांबरोबर आली. मद्य वर्ज्य मानणाऱ्या कुळांत विडीला मिळणारी सूट मात्र केवळ सोयीची आहे.

तरुण वयातील गाठ बहुतांशी मूत्राशयाच्या अस्तरापुरतीच व सौम्य असते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, पोट न उघडता ती खरवडून काढता येते. अस्तरातील गाठ उग्र असल्यास त्यानंतर मूत्राशयात बी.सी.जी. ही क्षयाची लस सोडतात, कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार प्रसिद्ध केला. गाठ स्नायूत शिरली तर मात्र संपूर्ण मूत्राशय काढण्याची वेळ येऊ शकते. तिशीतल्या गृहस्थाश्रमी माणसावर हा केवढा आघात!

म्हणून एकदा जरी रक्त दिसले, तरी लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून मूत्ररोगतज्ज्ञास दाखवावे. लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. दुर्बिणीची तपासणी टाळू नये. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि १९४१ पासून मुंबईत कार्यरत असलेले टाटा स्मारक रुग्णालय येथे उपचार होतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी. हा रोग पुन्हा उद्भवण्याची खोड फार. गाठ काढल्यावर साधारण तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण, आणि पुढे तज्ज्ञ सांगतील तशी काही वर्षे.