वाट आपल्या दारावरून जाते

(महासंघाच्या मासिक सभेत, कसबा बावडा इथं आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



आजच्या सभेपुढचा पाचवा विषय आहे, 'डोंगरवाटेनं चालायला येणाऱ्यांसाठी जेवण व मुक्काम'. हा विषय मी मांडणार म्हटल्यावर वरच्या वाडीच्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मला दिसलं बरं का! का हसल्या ते बाकीच्यांना माहीत नाही. म्हणून आधी माझी चूक सांगते, मग विषयाकडं येते.

मागच्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या एका जथ्थ्याच्या आयोजकांचा मला फोन आला. साठ माणसांचं रात्रीचं जेवण पाहिजे म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. लेखी काही नाही, इसार नाही, नुसतं फोनवरचं बोलणं. गटातल्या नऊ जणींनी लावणीचा एक दिवस मोडला, नाचणीच्या भाकरी थापल्या, झुणका, खर्डा, आमटी-भात केला. रात्री नऊ वाजले तरी कुणाचा पत्ता नाही. शेवटी बावीस जण आले. बाकीचे त्यांच्या टेम्पोतून आलेल्या जेवणाकडं गेले. आपला खर्च झाला ४,१०० रुपये, ताटाला १२० प्रमाणं हातात आले २,६४०. गटाचे १,४६० रुपये गेले आणि नऊ जणींची दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. उरलेल्या भाकरी म्हशींना घातल्या.

एक मावशी मला तेव्हा म्हणाली, "पोरी, तू शिकलीस लई, पर इसार घ्यायचा असतोय हे तुला कुणी शिकवलं न्हाई व्हय?" खरंच नव्हतं शिकवलं. समाजकार्याच्या पदवीत ते पुस्तक नव्हतं.

मग परत हा विषय कशाला काढला? सांगते.

चालणं आपल्याला नवीन नाही. माघात जोतिबाचे खेटे सुरू झाले की पाच रविवार कोल्हापूरची माणसं पहाटे उठून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख करत डोंगर चढतात. आपल्यातल्या किती जणी जातात, हात वर करा बघू! हे बघा, निम्म्या तर आहेत. वाटेत कोण चहा देतंय, कोण खिचडी देतंय. वाट असली की वाटेवर चूल पेटतेच.

तशीच दुसरी वाट पन्हाळ्याची. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता. १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज गडावरून निघाले. त्यांचं सोंग घेऊन शिवा काशीद पालखीत बसले आणि जिवाला मुकले. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर पोचले. त्याच वाटेनं आता दर जुलैत मुंबई-पुण्यापासून माणसं चालायला येतात. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, माळेवाडी, पांढरेपाणी. ही नावं ज्यांच्या माहेरची किंवा सासरची आहेत, त्या बायका आज इथं बसल्यात. इतिहास सगळ्यांचा आहे, पण वाट मात्र तुमच्या दारावरून जाते.

११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात आपला पन्हाळा आहे. ती बैठक पॅरिसला, म्हणजे फ्रान्स देशात झाली. त्या दिवसांत बातम्या बघता बघता मी मोबाईलवर फ्रान्सच्या खेड्यांचं बघत बसले. शहर बाजूलाच राहिलं, मला दिसल्या तिथल्या चालायच्या वाटा.

फ्रान्सच्या पूर्वेला अल्सास नावाचा भाग आहे. बुटके डोंगर, उतारावर द्राक्षाच्या बागा. आपल्या तासगाव-कवठेमहांकाळला मांडवावर असतात तशा नाहीत, तारेला बांधलेल्या उभ्या रांगा. त्या द्राक्षांची वाईन करतात. हसू नका, मला माहितीय उभी बाटली आडवी करायला आपणच पुढं होतो! वाईन त्यांची त्यांना लखलाभ, आपण वाटेचं बघू. गावागावांतून जाणारा १७० किलोमीटरचा द्राक्षबागांचा रस्ता त्यांनी १९५३ साली ठरवला. बागांच्या मधून पायवाटाही आहेत. देशभरातल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर झाडाला, दगडाला, खांबाला पांढरा-लाल पट्टा मारलेला असतो, म्हणजे नवखा माणूस चुकत नाही आणि कुणाच्या रानात शिरत नाही. द्राक्षं उतरायच्या दिवसांत तर काही बागांतल्या वाटा बंदच ठेवतात. आधी शेतकऱ्याचं काम, मग पाहुण्याचं फिरणं.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली खेडीही ओस पडायला लागली होती. पोरं शहराकडं निघाली, घरं रिकामी राहिली. तेव्हा शेतकऱ्यांनी रिकाम्या घरांची डागडुजी करून ती पाहुण्यांना भाड्यानं द्यायला घेतली. एकट्या-दुकट्याला कोण विचारतंय? म्हणून १९५५ साली अशा घरांचा देशभराचा संघ झाला. म्हणजे आपल्या महासंघासारखंच की! संघाची माणसं घर तपासतात आणि दर्जाप्रमाणं गव्हाच्या ओंबीची खूण देतात, एकपासून पाच ओंब्यांपर्यंत. पाहुण्याला दारातच कळतं, इथं काय मिळणार.

हे बघितल्यावर मला माझी चूक नीट कळली. भाकरीत काही कमी नव्हतं. कमी होता तो नियम, आणि तो आपण घालायला पाहिजे होता. आयोजक बाहेरचा, वेळ त्याची, दर त्यानं पाडलेला, आणि राबणाऱ्या आपण. त्यातून नुकसान आपलंच होणार. म्हणून वरच्या वाडीच्या गटांबरोबर बसून आम्ही पाच गोष्टी लिहून काढल्यात. आज त्यावर सभेचं मत पाहिजे.

पहिली, निम्मे पैसे इसार म्हणून आधी गटाच्या खात्यावर जमा. तोवर पीठ मळायचं नाही.

दुसरी, दर आपण ठरवायचा आणि त्यात मजुरी धरायची. मागच्या वेळी आम्ही पीठ, तेल, गॅस मोजला, पण बायकांचे हात मोजलेच नाहीत. सगळे साठ जण जेवले असते तरी मजुरी वजा जाता फार उरलं नसतं.

तिसरी, भाताच्या बांधावरून चालू द्यायचं नाही. जुलैत लावणी असते. शंभर माणसं बांधावरून गेली की बांध फुटतो, पाणी निघून जातं, आणि तो परत घालायला कोण जातं? आपणच. वाट कुठून जाते ते ग्रामपंचायतीला विचारून दगडांवर चुन्याच्या खुणा करू या. प्लास्टिक ज्याचं त्यानं परत न्यायचं.

चौथी, मुक्कामाला आधी दोनच घरं. पक्का संडास, दाराला आतून कडी, स्वच्छ पाणी, बायकांना वेगळी खोली. घर तपासायला दुसऱ्या गटाच्या बायका जातील. आपल्याच गटानं आपलंच घर तपासायचं नाही.

पाचवी, ज्या घरात लावणीला माणूस कमी आहे तिनं नाही म्हटलं तर तिला कुणी बोलायचं नाही. पावसाळा सरल्यावर मसाई पठारावर फुलं बघायला माणसं येतात. तेव्हा हात मोकळे असतात, ती वेळ कदाचित आपल्याला जास्त सोयीची.

कर्जाचंही विचारलंय काहींनी. राज्य शासनाचं २०२३ पासून 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आहे. बाईच्या मालकीचा आणि तिनंच चालवलेला पर्यटन व्यवसाय असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत शासन परत देतं. पण नीट ऐका, मुद्दल आपल्यालाच फेडायचंय, आणि हप्ते वेळेवर गेले तरच व्याज परत मिळतं. एक हंगाम दोन घरांवर काढू, वहीत जमा-खर्च दिसू दे, मग कर्जाचं बोलू. यावेळी मी घाईनं हो म्हणणार नाही.

शेवटची गोष्ट. बैठकीत मी वरच्या वाडीच्या बायकांना विचारलं, ही वाट पुरी कोण चाललंय? एकीनंही नाही. लाकडाला, पाण्याला, रानाला रोज मैलभर जातो, पण पावनखिंड काही जणींनी बघितलेलीही नाही. एक आजी म्हणाल्या, "कामाबिगर चालायचं म्हंजे लोक काय म्हणत्यात?" लोक मुंबईहून येऊन कामाबिगरच चालत्यात की, आजी!

म्हणून माझी एक विनंती आहे. पाहुण्यांना वाट दाखवायच्या आधी ती आपण चालू या. पाऊस लागायच्या आत एक रविवार, पन्हाळ्यापासून मसाई पठारापर्यंत. भाकरी आपापली बांधून आणायची, तिथं बसून खायची. बावड्याच्या गटांनीही यायचं. चालताना कुठं पाणी आहे, कुठं पाय घसरतो, कुठं सावली नाही, हे वहीत लिहू. तीच आपली पहिली तयारी.

मागच्या वर्षीच्या १,४६० रुपयांपैकी निम्मे मी माझ्या मानधनातून गटाला दिलेत. हे कौतुकासाठी सांगत नाही. वहीत त्याची नोंद आहे, ती सभेनं बघावी म्हणून सांगते. आता पाची गोष्टींवर एकेक करून बोला. ज्यांचा विरोध आहे त्यांनी पहिल्यांदा बोलायचं.