प्रवासी कराचा हिशेब कोणापुढे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शिबिरांतून भांडवलशाही, नियोजन, जमिनीचे फेरवाटप अशा मोठ्या प्रश्नांचा ऊहापोह होतो, आणि तो झालाच पाहिजे. त्या मानाने नगरपरिषद, नळ, कचरा आणि प्रवाशांची सोय हा आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु सामान्य माणसाला राज्यसंस्था प्रथम भेटते ती दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे. ती नळाच्या तोटीशी आणि कराच्या नाक्यावर भेटते. तेथे जी लोकशाही नाही ती वर कोठेही असू शकत नाही, असे मी मानतो.

या विषयासाठी मी माथेरानचे उदाहरण घेणार आहे. त्याचे कारण सरळ आहे. जे गाव एकाच धंद्यावर जगते, त्या गावात धंदा आणि स्थानिक सत्ता यांचे नाते झाकून राहत नाही.

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, सुमारे आठशे मीटर उंचीवर हे गाव आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढले आणि मुंबईच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळ्याची जागा सापडली. पुढे १९०५ मध्ये येथे नगरपालिका आली आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून छोटी आगगाडी वर पोचली. केंद्र सरकारने २००३ च्या फेब्रुवारीत माथेरान व सभोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी यांचा अपवाद सोडला, तर गावात मोटारीला मज्जाव आहे. मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. तेथून पुढे पायी, घोड्यावर, अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने, किंवा आजवर चालत आले त्याप्रमाणे माणसाने ओढलेल्या हातरिक्षातून जायचे. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ४,३९३ भरली. हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

शांततेचे मोल आणि तिची किंमत

आता थोडे अर्थशास्त्र. माथेरानला येणारा प्रवासी नेमके काय विकत घेतो? खोली आणि जेवण त्याला कल्याणलाही मिळते. तो विकत घेतो ती झाडी, लाल मातीची वाट आणि मोटारीच्या आवाजाचा अभाव. यांपैकी झाडी निसर्गाची आहे आणि शांतता सार्वजनिक निर्बंधाने टिकलेली आहे. कोणा एका हॉटेलमालकाने यांतले काहीच निर्माण केलेले नाही. तरीही त्या शांततेमुळे खोलीचे भाडे वाढते आणि ती वाढ ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्या पदरात पडते. रिकार्डोने ज्याला ‘खंड’ म्हटले तो हाच. मालकाच्या श्रमाने न आलेले, जागेच्या गुणाने आलेले हे उत्पन्न आहे. हॉटेलमालक दुष्ट असतो असे माझे म्हणणे नाही. सार्वजनिक निर्णयाने निर्माण झालेल्या मूल्याचा काही भाग सार्वजनिक तिजोरीत परत आला पाहिजे, इतकेच मी म्हणतो. दस्तुरी नाक्यावर नगरपरिषद जो प्रवासी कर घेते, त्याचे तात्त्विक समर्थन हेच आहे.

नाण्याची दुसरी बाजू पाहा. मोटार नाही, म्हणून ओझे नाहीसे होत नाही. भाजीपाला, गॅसची टाकी, प्रवाशाची पेटी हे सर्व कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून जातेच. म्हणजे शांततेचा खंड एकाला मिळाला आणि तिची किंमत दुसऱ्याच्या खांद्याने दिली. हातरिक्षा हे या विषम वाटपाचे सर्वांत उघडे रूप होय. चढावर एक माणूस पुढून ओढतो, दुसरा मागून रेटतो आणि तिसरा आत बसलेला असतो. गावात अशा ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. त्यांना परवाना कोणी कोठल्या जुलमी संस्थानिकाने दिलेला नव्हता. तो स्वतंत्र भारतातील कायद्याच्या कारभारात रीतसर चालू राहिला.

ही प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे होत असताना माणसाने माणसाला ओढण्याची रीत चालावी हे अमानुष आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने हातरिक्षा थांबवाव्यात, ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, शासनाने विजेवर चालणाऱ्या रिक्षा खरेदी करून त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असे न्यायालयाने बजावले. गुजरातेतील केवडियाच्या योजनेचा दाखलाही दिला.

आपण या निर्णयाचे स्वागत केले पाहिजे. पण स्वागत करून थांबता येणार नाही. डोंगर वाचवण्याचा निर्णय २००३ मध्ये दिल्लीहून आला. माणसाची प्रतिष्ठा वाचवण्याचा निर्णय २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीहून आला. मग मधल्या काळात गाव स्वतः काय बोलत होते? ज्या नगरपरिषदेच्या दाराशी हे सर्व रोज घडत होते, तिच्या सभागृहातून हा प्रश्न निर्णायकपणे का सुटला नाही? मी येथे कोणा व्यक्तीकडे बोट दाखवीत नाही. दोष रचनेत आहे, आणि रचनेचाच विचार आपण करावयाचा आहे.

मालकी कोणाची?

त्याआधी पुनर्वसनाविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. वाहन बदलले म्हणजे नाते बदलतेच असे नाही. तमिळनाडूत करुणानिधींच्या शासनाने १९७३ मध्ये हातरिक्षा बंद केल्या, तेव्हा ओढणाऱ्यांना सायकलरिक्षा दिल्या. पंजाबात सायकलरिक्षाचा परवाना चालवणाऱ्या मालकालाच देण्याचा कायदा १९७५ मध्ये झाला. त्यामुळे भाड्याच्या रिक्षावर पोट भरणारा गरीबच रस्त्यावर येण्याची वेळ आली. अमृतसरच्या रिक्षाचालकांचे प्रकरण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कर्जाची योजना बसवून दिली, ती अशासाठी की चालवणारा स्वतः मालक व्हावा. कायद्याचा हेतू चांगला असून भागत नाही. भांडवल कष्टकऱ्याच्या हाती पोचण्याची वाट बांधावी लागते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

माथेरानातही विजेच्या रिक्षांचा पहिला प्रयोग २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाल्यानंतर त्या कोणाला मिळाव्यात यावरून तक्रारी झाल्या आणि त्याही न्यायालयापर्यंत गेल्या. हे अटळ होते. जेथे मर्यादित परवाने असतात तेथे प्रत्येक परवान्याला किंमत येते, आणि जेथे किंमत येते तेथे ती बळकावणारा हात येतो. म्हणून रिक्षा शासनाची राहून भाड्याने दिली जाणार असेल, तर भाडे किती, ते कोणी ठरवले आणि ते कोणत्या खात्यात गेले हे गावात फलकावर लागले पाहिजे. माझे स्वतःचे मत असे की, शेवटी या रिक्षा चालवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या व्हाव्यात. ज्या महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, त्या महाराष्ट्राला ओझे वाहणाऱ्यांची संघटना ही काही नवी गोष्ट नव्हे. घोडेवाल्यांचा आणि हमालांचा प्रश्नही याच धोरणात बसवला पाहिजे. नाहीतर एका गरिबाची सुटका दुसऱ्या गरिबाच्या पोटावर उभी राहील.

मोजदाद चुकते कोठे

आता ४,३९३ या आकड्याकडे येतो. नगरपरिषदांना वरून जी अनुदाने येतात त्यांत लोकसंख्या हा मोठा निकष असतो आणि ती लोकसंख्या जनगणनेची, म्हणजे राहणाऱ्यांची. परंतु नळ, शौचालय, कचराकुंडी आणि दवाखाना यांवरचा भार केवळ राहणाऱ्यांचा नसतो. सुटीच्या दिवशी डोंगरावर येणारा प्रत्येक माणूस पाणी वापरतो आणि कचरा मागे ठेवून जातो. शार्लोट तलाव पावसावर भरतो. त्याला जोड म्हणून उल्हास नदीचे पाणी पंपांनी डोंगर चढवावे लागते. असे वर चढवलेले पाणी मैदानावरील पाण्यापेक्षा महाग पडणारच. ऐन मे महिन्यात, जेव्हा तलाव सर्वांत खाली गेलेला असतो, तेव्हाच प्रवासी सर्वांत अधिक असतो. त्या वेळी पाणी कोणाच्या नळाला आधी, हॉटेलच्या की वस्तीच्या, हा निव्वळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो.

अनुदानाचा हिशेब येणाऱ्यांना मोजत नाही. प्रवासी कर मात्र मोजतो. म्हणूनच या कराचा पैसा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण ओघात दिसेनासा होता कामा नये. त्याचे स्वतंत्र खाते असावे आणि त्यातून पाणी, सफाई, दवाखाना व कष्टकऱ्यांची सोय यांवर किती खर्च झाला हे वर्षातून निदान दोनदा गावाला सांगितले जावे. लेखापरीक्षण होते, नाही असे नाही. पण लेखापरीक्षक पावती पाहतो, प्राधान्य पाहत नाही. पावती खरी असूनही खर्च अन्यायाचा असू शकतो.

सभा नसलेले गाव

आणि येथे मी मूळ मुद्द्याशी येतो. हा हिशेब सांगायचा कोणापुढे? १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. सर्व प्रौढ मतदारांची सभा आणि तिच्यापुढे पंचायतीचा जाब, हे तत्त्व तिने घटनेत आणले. त्याच वर्षीच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने शहरांना काय दिले? प्रभाग समित्या दिल्या, पण त्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक केल्या. याचा अर्थ असा की, माथेरानसारख्या छोट्या नगराला घटनेने ना ग्रामसभा दिली, ना प्रभाग समिती. याहून मोठ्या लोकवस्तीची कितीतरी खेडी सरपंचाला भर सभेत प्रश्न विचारू शकतात. पण केवळ ‘नगर’ म्हणवले जाते म्हणून या गावाच्या नागरिकाला पाच वर्षांतून एकदा मतपेटीपाशीच बोलता येते. आणि तेही नेहमी नाही. राज्यातील कितीतरी नगरपरिषदा डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपूर्वी दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात तर प्रश्न विचारावयास नगरसेवकही नव्हता.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. छोट्या नगरांना, विशेषतः गिरिस्थान नगरपरिषदांना, ग्रामसभेच्या धर्तीवर कायद्याने नगरसभा द्यावी. प्रवासी कराचा हिशेब, पाण्याच्या वाटपाचा क्रम आणि परवान्यांची यादी या तीन गोष्टी तिच्यापुढे मांडल्याशिवाय मंजूर समजल्या जाऊ नयेत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. गावाची सभा धनिकांच्या ताब्यात जाईल, आणि उद्या तीच मोटाररस्ता मागेल, बांधकामाची सूट मागेल. मग जंगलाचे काय? या आक्षेपाला लोहियांच्या चौखंबा राज्याच्या कल्पनेत उत्तर आहे. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चार खांब आहेत. एकाने दुसऱ्याचे काम गिळू नये. डोंगर केवळ माथेरानकरांचा नाही, म्हणून त्याच्या रक्षणाची चौकट राष्ट्राने ठरवावी आणि गावाने ती पाळावी. पण त्या चौकटीच्या आत पाणी, पैसा आणि परवाने यांचा निर्णय गावाने उघड्यावर करावा. शाळकरी मुलाची पायपीट आणि रुग्णाचे हाल ज्या लोकांना रोज दिसतात, त्यांना बोलण्याची जागाच नसेल, तर त्यांचा राग नियमांवर जातो आणि जंगलाचे रक्षण हे परक्याचे फर्मान वाटू लागते. तसे वाटू लागले की मग जंगलही टिकत नाही.

मित्रहो, हे गाव भाई कोतवालांचे आहे. माथेरानात एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेला हा वकील माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेला, तिचा उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या उभ्या केल्या. पुढे बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह तो हुतात्मा झाला. आपण त्याच्या बलिदानाला वंदन करतो, पण त्याच्या नगरपालिकेतील कामाची आठवण क्वचितच काढतो. स्थानिक सत्ता हे गोरगरिबांच्या पोटाचे साधन आहे हे त्याला कळले होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी येथून जाताना तीन कामे घेऊन जावीत. आपल्या भागातील पर्यटनाच्या गावी प्रवाशांकडून कोणता कर वा शुल्क घेतले जाते आणि त्याचा खर्च कशावर होतो, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मागवावी. ओझे वाहणारे, घोडे हाकणारे, खोल्या झाडणारे आणि कचरा उचलणारे यांची यादी स्वतः दारोदार जाऊन करावी. ज्यांची यादी नाही त्यांचे पुनर्वसन दुसऱ्याच्या नावावर होते. आणि कायदा होईपर्यंत थांबू नये. वर्षातून दोनदा गावाच्या चौकात सभा बोलवावी, नगराध्यक्षांना आदरपूर्वक निमंत्रण द्यावे आणि जमवलेला हिशेब लोकांपुढे वाचावा. पहिल्या सभेला वीस माणसे येतील. त्या वीसांत एक तरी हातरिक्षा ओढलेला माणूस असेल आणि तो प्रश्न विचारील, एवढी काळजी आपण घ्यावी.