आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे

आजचा विषय जुनी करिझ्मा आणि खिशात मोजके २५ हजार.

२००३ साली आलेली ही २२३ सीसीची गाडी. काकांची करिझ्मा २०१९ च्या महापुरात कुरुंदवाडात पाण्याखाली गेली आणि तेव्हापासून उभीच आहे. आता ती मी हातात घेतलीय.

सगळ्यात आधी कागद. आरसीची मुदत १५ वर्षांची असते. नूतनीकरणाला गाडी तपासणीत पास व्हावी लागते, तेव्हा तो खर्च बाजूला काढायचा.

पुरातल्या गाडीचा स्टार्टर लगेच दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, ऑइल सोडा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे आत पाणी गेलंय. मग टाकी आणि कार्बोरेटर साफ करा.

पहिला पैसा ब्रेकला: कॅलिपरचे सील, पॅड, मागचे शू, ब्रेक ऑइल. लगेच टायर, कारण नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, पकड जाते. दुसरा पैसा बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट, वायरिंगला. उरला तर रंग.

मित्र म्हणतात, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लाव. तो दंडाला आमंत्रण देतो आणि गाडी थांबवायला काही कामाचा नाही. त्याच मापाचे चांगल्या पकडीचे टायर, हेच माझं अपग्रेड.

काका म्हणतात, तयार झाली की मागं बसून नरसोबाच्या वाडीला येतो. म्हणून ब्रेक आधी.