मरणाचा विचार आला की तिला कसं वाटतं?

(गुहागर तालुक्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



‘जीव नकोसा झालाय’ हे वाक्य आपल्या कानांवरून नेहमी जातं. नवरा मुंबईला, घरात सासू-सासरे, शेत, गुरं. बाई असं बोलली की आपण म्हणतो, ‘बोलायची पद्धत आहे तिची.’ कुणी मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर ‘रत्नागिरीला धाडायची का?’ म्हणून चेष्टा होते.

पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा लग्नानंतर चार महिन्यांत गेली. त्याआधी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. खून की आत्महत्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे त्या पत्रांतली निराशा बारकाईने वाचली गेली. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असं म्हणत १९८४ साली पतीला निर्दोष सोडलं. मला यातलं एकच सांगायचं आहे. तिच्या मनाची एवढी दखल ती गेल्यावर घेतली गेली. आपल्याला ती बाई जिवंत असताना घ्यायची आहे.

म्हणून सरळ विचारा, ‘मरणाचा विचार येतो का?’ विचारल्याने तो डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘येतो’ म्हणाली तर पुढे विचारा, ‘आला की कसं वाटतं?’ एकीला धडकी भरते, पोरांची तोंडं दिसतात. दुसरीला संताप येतो. तिसरीला आपण सगळ्यांना भार झालोय असं वाटतं. यातलं काहीच हलक्यानं घेऊ नका. पण एखादी म्हणते, ‘बरं वाटतं, सुटल्यासारखं.’ तिथे जास्त सावध व्हा. रोज रडणारी अचानक निवांत झाली, निरवानिरवीचं बोलू लागली, तर ‘सावरली’ असं समजून उठू नका.

तिला एकटी सोडू नका. जिवाला धोका होईल असं काही तिच्या हाताशी राहू देऊ नका. ‘पोरांचा विचार कर’ असा उपदेश नको, ऐकून घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो. डॉक्टरकडे जाताना सोबत जा. घरात मारहाण असेल तर नुसत्या औषधाने भागणार नाही, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जावं लागेल.

पोलीसकेस होईल म्हणून घरचे लपवतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

हे ऐकताना तुमच्यापैकी कुणाला स्वतःचंच आठवलं असेल, तर सभा संपल्यावर थांबा. मला शेवटच्या एस.टी.पर्यंत वेळ आहे.